पाचवं काडतूस

वैशाखातली दुपार. कातळखोलमध्ये या वेळेला जागे असतात ते फक्त कावळे, आणि ज्यांच्या मनात काहीतरी सलतं ती माणसं. वैजयंता धुरी दुसऱ्या प्रकारात मोडते. माजघरात चटई टाकून ती आडवी झाली आहे, डोळे मिटले आहेत, पण आतलं जातं काही थांबत नाही. चार वाजता पोलीस ठाण्यात जायचं आहे. तिथे जबाब लिहून द्यायचा आहे आणि त्या जबाबात एक नाव घालायचं आहे. नाव तिच्या सख्ख्या दिराचं, न्हानूचं. त्यात कहर असा की तिला ठाण्यात घेऊन जाणार आहे तोही न्हानूच. मुलगी लग्न होऊन बेळगावला, दुपारची एसटी बंद झालेली, मग दुसरं कोण नेणार? न्हानूनं सकाळी येऊन विचारलं, किती वाजता निघायचं. कशाला जायचं ते विचारलं नाही. चोराच्या मनात चांदणं, असं वैजयंता तेव्हा मनातल्या मनात म्हणाली आणि त्याला साडेतीनची वेळ दिली.

भानगड एका काडतुसाची आहे. तिचा नवरा गुणाजी गेल्या भाद्रपदात गेला. त्याच्याकडे शेती राखायच्या परवान्यावरची एकनळी बंदूक होती. या परवान्यावर मारायचं ते फक्त रानडुक्कर, तेही आपल्या शेतात शिरलेलं. सांबर, भेकर, कुठल्याच हरणाला हात लावायचा नाही. काडतूस वाजलं की रिकामी पुंगळी जपून ठेवायची आणि पुढच्या खेपेला साहेबाला दाखवायची. गुणाजी हे सगळं देवपूजेसारखं पाळायचा. पुंगळ्या फडक्यात गुंडाळून ट्रंकेत, परवाना प्लास्टिकच्या पिशवीत, आणि तोंडात सदा कुठलंतरी कलम. गाव त्याला पाठीमागून फौजदार म्हणायचा. तो गेल्यावर बंदूक ठाण्यात जमा झाली, हवालदारानं नोंद ताडून पाहिली, आणि फौजदाराच्याच घरात खोट निघाली. घेतलेली काडतुसं पाच. रिकाम्या पुंगळ्या तीन, न वाजलेलं काडतूस एक. पाचवं नाही. भरलेलं काडतूस गावात कुणाच्यातरी खिशात फिरतंय म्हणजे जोखीम, असं साहेबाचं म्हणणं. कुणावर संशय असेल तर नाव लिहून द्या, त्याला आत घेतो, बाकीचं आम्ही बघू.

संशय घ्यायला वैजयंतेला कुणी शिकवायला नको. तिच्या नजरेतून मुंगी सुटत नाही, आणि एकदा धरलेली मुंगी ती सोडत नाही. त्या दिवशी गुणाजी तांबडं फुटायच्या आधी बंदूक घेऊन भुईमुगाच्या शेतात गेला होता. दिवस वर आल्यावर न्हानू त्याला पाठुंगळी घेऊन आला. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. ते ठीक. पण चिखलातून आणलेल्या माणसाचे हातपाय धुतलेले होते. बंदुकीची नळी तेलानं पुसलेली होती. न्हानू स्वतः ओढ्यात डुबकी मारून आल्यासारखा निथळत होता. दाराशी येईपर्यंत या माणसाला एवढी धुणीभांडी करायला वेळ कसा मिळाला, हा प्रश्न आठ महिने तिच्या घशात अडकून आहे.

आणि न्हानूचा इतिहास काय सांगावा. नऊ वर्षांपूर्वी त्यानं कुणाचीतरी ठासणीची बंदूक मागून आणली आणि भेकर मारलं. गुणाजीला कळलं तेव्हा त्यानं सख्ख्या भावाला दंडाला धरून फॉरेस्टच्या कचेरीत नेऊन उभं केलं. वीस दिवस न्हानू आत होता. दोन वर्षं भाऊ भावाशी बोलला नाही, आणि नंतर बोलला तोही कुंपणावरून बोलल्यासारखा. अशा माणसानं मेलेल्या भावाच्या पिशवीतून एक काडतूस लांबवलं नसेल, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं?

वैजयंता कूस बदलते. पंखा फिरतो आहे, वारा लागत नाही. डोळ्यांवर झापड येते आहे आणि ती हिशेबानं तिला परतवते आहे, कारण साडेतीनला उठायचं आहे. मग मागच्या दाराचा कोयंडा वाजतो.

उंबऱ्यावर कोणीतरी पाठमोरं बसलं आहे. खाकी अर्धी विजार, कोपरावर विरलेला सदरा, डोक्याला बांधलेला टॉवेल. तो टॉवेल तिनंच बाराव्याला भटजींना दिला होता, तो परत कसा आला, हे तिच्या मनात पहिल्यांदा येतं. मग ती त्याच्या पायांकडे बघते. सासू सांगायची की भुताची पावलं उलटी असतात. ही सरळ आहेत, आणि स्वच्छ धुतलेली.

तिला भीती वाटत नाही. तिला शंका येते. दुपारचं कोणीही नवऱ्याचं सोंग घेऊन येईल आणि घरात घुसेल, विश्वास कसा ठेवायचा? ती उठते आणि कमरेवर हात ठेवून त्याच्या मागे उभी राहते.

"माझ्या आवशीचा म्हायार खंय?"

तो डोकं खाजवतो. बराच विचार करतो.

"वेंगुर्ला?"

"कुडाळ," ती म्हणते, आणि तिच्या छातीतून काहीतरी गरम वर येतं. पस्तीस वर्षांच्या संसारात सासूचं माहेर त्याला एकदाही बरोबर सांगता आलं नव्हतं. सोंग घेऊन आलेला कोणी असता तर पाठ करून आला असता. हा तोच आहे.

तो वळून तिच्याकडे बघतो आणि नेहमीसारखं अर्धंच हसतो. सदऱ्याच्या वरच्या काजात सुतळी ओवून एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली आहे. ठाण्यातल्या जमा बंदुकांना बांधतात तशी. तिच्यावर शाईनं आकडा आहे, तो तिला वाचता येत नाही. हे काय बांधलंय म्हणून ती विचारते.

"माका जमा करून घेतल्यानी," गुणाजी म्हणतो. "पावती अजून गावूक नाय. चाय ठेव गो वायच."

ती चुलीकडे जाते. चहा ठेवता ठेवता तिची पाठ त्याच्याकडे आहे, पण कान तिकडेच आहेत. तो उठतो का, कुठल्या फडताळाला हात घालतो का, याकडे तिचं लक्ष आहे. जिवंतपणीही तिला हीच सवय होती. तो शेतातून उशिरा आला की ती आधी त्याच्या चपलांचा चिखल बघायची, लाल आहे की काळा, मग जेवायला वाढायची. त्यातून एकदाही काही निघालं नाही, पण म्हणून बघणं सोडायचं का?

कप त्याच्या हातात देताना ती सरळ मुद्द्याला हात घालते. पाचवं काडतूस कुठे आहे, म्हणते. तो चहा फुंकतो. साखर कमी आहे म्हणतो. बेळगावची लेक कशी आहे विचारतो. मागच्या माडाला यंदा किती नारळ लागले विचारतो.

"सोंगा करू नकात," ती म्हणते. "काडतूस खंय? न्हानून घेतल्यान मां?"

"हय बोलूचा नको. खिडकीर ये."

खिडकी म्हणजे कुठली ते तिला विचारावं लागत नाही, कारण स्वयंपाकघराच्या भिंतीत आता लोखंडी जाळीची खिडकी आहे आणि त्याआधी ती नव्हती असंही वाटत नाही. तहसील कचेरीतली परवान्यांची खिडकी. बाकावर माणसं बसलेली आहेत, प्रत्येकाच्या सदऱ्याला सुतळीनं चिठ्ठी बांधलेली आहे आणि कुणीच कुणाशी बोलत नाही. चुलीवरचा चहा मात्र तसाच उकळतो आहे. खिडकीआड कारकून नाही. गुणाजीच वळसा घालून आत जातो आणि खुर्चीवर बसतो. आयुष्यभर ज्या खिडकीपुढे तो टोपी काढून उभा राहिला, तिच्या आत बसायला त्याला मेल्यावर मिळालं, आणि त्याला ते आवडलेलं दिसतं आहे.

तो खणातून दोन काडतुसं काढून जाळीखालून पुढे सरकवतो. एक लाल, जाड, ठेंगणं. दुसरं पितळी, लांब, वर गळा आवळल्यासारखं.

"ह्या लाल बघ. बुडापासून तोंडापर्यंत सरळ, भिंत कशी उभी. आमच्या परवान्याक ह्याच चलता. ता दुसरा, मान आवळलेला, ता पोलिसांच्या रायफलीचा. ता आपल्याकडे गावला तर सरळ आत."

हे व्याख्यान वैजयंतेनं हजार वेळा ऐकलं आहे. पाहुणे आले की गुणाजी हेच सांगायचा, आणि पाहुण्यांची भजी गार व्हायची. मेलेला माणूस एवढ्या लांबून येतो आणि पुन्हा तेच सुरू करतो, तेव्हा त्याला काहीतरी लपवायचं आहे, हे ती ओळखते. काडतुसांची जात नको, माणसांचं सांगा, असं ती त्याला सुनावते. तिला चार वाजता जायचं आहे. तिकडे साहेब कागद पुढे करून बसेल आणि ती न्हानूचं नाव लिहील. लिहू की नको, एवढंच तिला हवं आहे.

गुणाजी दोन्ही काडतुसं जाळीखालून परत आत ओढतो. मग लाल काडतूस उचलतो आणि तिचा उजवा हात जाळीखालून ओढून घेतो. त्याचे हात गार नाहीत. उन्हात ठेवलेल्या भांड्यासारखे कोमट आहेत. तो काडतुसाची पितळी बुडाची बाजू तिच्या तळहातावर टेकवतो.

"बूड बघ. मधी केप आसा, टिकली कशी. वाजाक नाय त्येची केप सपाट असता. वाजला की केपेर खळगी पडता. हात लाव."

ती अंगठ्यानं चाचपते. खळगी आहे. बारीक, खोल.

"म्हणजे ह्या वाजला."

"वाजला."

तिच्या डोक्यात चक्र गरगर फिरतं. आठ महिने ती भरलेलं काडतूस शोधत होती. ट्रंक, कणगी, न्हानूच्या घराची मागची पडवीसुद्धा. तो घरात नसताना ती तिथे जाऊन आली आहे आणि त्याची तिला लाज वाटलेली नाही. आणि ते भरलेलं नव्हतंच. मग वाजवलं कोणी? न्हानूनंच. बंदूक तेलानं पुसलेली होती ती उगाच नाही. जे आठ महिने तिनं स्वतःलाही बोलू दिलं नाही ते आता ती बोलते, की कुणावर वाजवलं, तुमच्यावर तर नाही ना.

गुणाजी तिच्याकडे बघतो. त्याच्या तोंडावर राग नाही, पण दुखावल्यासारखं काहीतरी आहे. तो तिची बोटं काडतुसावर मिटवतो. मूठ सोडू नको, म्हणतो, आणि खुर्चीवरून उठून मागे चालायला लागतो.

ती त्याच्या मागून जाते. जाळी आड येत नाही. खिडकीच्या मागे भुईमुगाचं शेत आहे, भाद्रपदातलं, दव धरलेलं. पहाट आहे, धुकं गुडघ्यापर्यंत आहे आणि शेताच्या कडेला त्यांचा मांगर, राखणीचं खोपट, आहे, पण मांगराच्या आत पंखा फिरताना दिसतो, तिच्या माजघरातला. बाकावरची माणसं आता बांधावर बसली आहेत आणि तशीच गप्प आहेत. गुणाजी मांगराच्या पायरीवर बसतो आणि बंदूक मांडीवर घेतो. बंदूक कुठून आली, हे ती विचारत नाही. तिला विचारायचं आहे ते दुसरंच.

"बसलंय होतंय हय," तो सांगू लागतो. "डुकर दोन दिवस उपटी होतो. मी बघलंय, पालो हल्लो. काळा कायतरी दिसला. चाप ओढलंय."

"मगे?"

"मगे काय. डुकर न्हय. भेकर."

धुक्यात ते पडलेलं आहे. तांबूस, बकरीच्या करडाहून थोडं मोठं, तोंडात भुईमुगाचा पाला. वैजयंता त्याच्याकडे बघते आणि मग गुणाजीच्या डोळ्यांकडे. दोन्ही बुबुळांवर ताकासारखा पडदा आहे. तो कधीपासून आहे, हे तिला माहीत आहे. तो ताटातला मासा चाचपून घ्यायचा, पोस्टमनला आवाजावरून ओळखायचा आणि विचारलं की उन्हाची तिरीप आली म्हणायचा. ती वर्षभर म्हणत होती, ऑपरेशन करून घ्या. तो म्हणायचा, मला गरुडासारखं दिसतं.

"तुमका दिसत नव्हता," ती म्हणते.

तो मान हलवतो. नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखला लागतो. दिसत नाही असं डॉक्टरनं लिहिलं की बंदूक गेली. आणि बंदूक गेली की फौजदार कसला, नुसता म्हातारा. हे तो जमिनीकडे बघून सांगतो. पस्तीस वर्षांत इतकी खरी गोष्ट तो पहिल्यांदाच बोलतो आहे, आणि तीही मेल्यावर, म्हणून वैजयंतेला त्याची कीव येते आणि त्याहून जास्त राग येतो.

बार ऐकून न्हानू आपल्या शेतातून धावत आला, हे तो पुढे सांगतो. गुणाजी तेव्हा चिखलात बसला होता, भेकराचं डोकं मांडीवर घेऊन. जनावराचा जीव अजून गेला नव्हता. हातपाय रक्तानं भरले होते. न्हानूनं आधी भेकराकडे बघितलं, मग त्याच्याकडे. नऊ वर्षांपूर्वीचं सगळं दोघांच्या मधे उभं राहिलं असणार. गुणाजी त्याला म्हणाला, दंडाक धर माका, चल फॉरेस्टात, तुका नेलंय तसो ने.

"न्हानू काय म्हणालो?"

"म्हणालो, दादा, उठ. घराक चल. मी निस्तरतंय. मी म्हटलंय, नाय, नियम म्हणजे नियम. उठूक गेलंय आणि छातीत कळ इली."

पुढचं त्यानं सांगायची गरज नाही. वैजयंता चिखल, रक्त, ओढा, तेल असं एकेक आपल्या जागी बसताना बघते. न्हानूनं भेकर पुरलं. पुंगळी त्याच्याबरोबर पुरली. बंदूक पुसली. भावाचे हातपाय धुतले, त्यांना लागलेलं रक्त घरी दिसू नये म्हणून. मग त्याला पाठुंगळी मारून आणलं आणि आठ महिने तोंड शिवून बसला. ज्या गुन्ह्यासाठी या माणसानं त्याला वीस दिवस आत बसवलं, तोच गुन्हा त्यानं या माणसासाठी जमिनीत गाडला.

हे सगळं इतकं बरोबर बसतं की तिला पुन्हा शंका येते. कोडं एवढं सहज सुटलं की वैजयंतेला ते कुणीतरी मांडून ठेवलंय असं वाटतं. आठ महिने हा आला नाही. आज, नेमका जबाबाच्या दुपारी, आला. रक्ताला रक्ताची ओढ. बायको ती शेवटी परक्या घरातली.

"तुमी भावाक वाचवूक इल्यात," ती म्हणते. "डोळ्यांचा खोटा बोललात, तसा ह्याव खोटा."

गुणाजी उठतो. तिला वाटतं तो ओरडेल. जिवंतपणी ओरडला असता.

"न्हानूक मी आत घातलंय ता खऱ्यासाठी," तो सावकाश म्हणतो. "तू त्येका खोट्यासाठी घालतलंस?"

धुकं आता कमरेपर्यंत आलं आहे आणि बांधावरची माणसं एकेक करून उठताहेत. कुणीतरी आत आकडे पुकारतं आहे. गुणाजी आपल्या सदऱ्यावरची चिठ्ठी चाचपतो, वाचायचा प्रयत्न करतो, त्याला दिसत नाही. ती पुढे होऊन वाचायला बघते, तर आता तिलाही दिसत नाही, कारण तिचे डोळे भरले आहेत. हे माका कित्याक सांगूक नाय, ती विचारते. डोळ्यांचं सांगितलं नाही, ते सोडा. पण आठ महिन्यांत एकदा तरी यायचं होतं. मरताना भाऊ जवळ होता, मी नव्हते. निदान नंतर तरी मला आधी सांगायचं होतं.

"तू आयकतंस खंय, वैजू," तो म्हणतो. "तू इचारतंस."

हे त्यानं इतक्या मायेनं म्हटलं आहे की तिला भांडताही येत नाही. पस्तीस वर्षं हा माणूस दारात आला की ती चपला बघत होती. चपलांच्या वरचा माणूस किती दमलाय ते बघायला तिला फुरसत नव्हती. तिला हुंदका येतो. त्याच्या सदऱ्याला धरून रडावंसं वाटतं, पण उजव्या मुठीत काडतूस आहे आणि मूठ सोडायची नाही असं त्यानं सांगितलं आहे.

"कागदार माझा नाव लिही," तो जाता जाता सांगतो. "जमा झालेल्या माणसाक काय करतले?"

गाव हसेल, ती म्हणते. फौजदारानं भेकर मारलं म्हणून शिमग्यात सोंग काढतील.

"काढूंदेत. माका थंयसून दिसाचा नाय," तो म्हणतो, आणि स्वतःच्याच बोलण्यावर अर्धं हसतो. आत त्याचा आकडा पुकारला जातो, ठाण्यातल्या जीपच्या भोंग्यासारख्या आवाजात. पुन्हा पुकारला जातो.

अंगणात न्हानूच्या स्कूटरचा हॉर्न वाजतो आहे.

वैजयंता उठून बसते. घड्याळात साडेतीन वाजले आहेत. पंखा फिरतो आहे, गाल ओले आहेत. उजवी मूठ इतकी घट्ट आवळलेली आहे की बोटं डाव्या हातानं एकेक करून उघडावी लागतात. आत काहीच नाही. पण तळहाताच्या मधोमध रुपयाएवढा गोल वळ उमटला आहे, कडेला लाल आणि आत पांढरट. त्या गोलाच्या बरोबर मध्यावर मसुरीच्या दाण्याएवढा उंचवटा आहे, केपेची खळगी दाबून धरल्यासारखा.

ती लगेच विश्वास ठेवत नाही. ठेवला तर ती वैजयंता कसली. चटई झटकते, उशी उलटी करते, पदराच्या गाठी चाचपते, एखादं बटण, बाटलीचं झाकण, किल्लीची कडी, काहीतरी हाताखाली आलं असेल म्हणून कोपरेसुद्धा बघते. काही सापडत नाही. बांगड्या डाव्या उजव्या दोन्ही हातांतल्या पूर्वीच उतरवलेल्या. वळ मात्र बोटानं दाबलं तरी जात नाही.

ती चेहरा धुते, लुगडं नीट करते आणि दार उघडते. न्हानू स्कूटर स्टँडवर लावून पायरीखाली उभा आहे. पंचावन्नाचा माणूस, पण या आठ महिन्यांत गुणाजीपेक्षा म्हातारा दिसायला लागला आहे. तो नेहमीप्रमाणे तिच्या डोळ्यांकडे बघत नाही, पायरीच्या चिऱ्यांकडे बघतो. ऊन आहे, छत्री घे, एवढंच म्हणतो.

वैजयंता काहीच विचारत नाही. जिभेवर दहा प्रश्न येतात, ते ती गिळते. ती पायरीवर उभी राहून उजवा हात पुढे करते आणि तळहात उघडते.

न्हानू बघतो. आधी त्याला कळत नाही. मग तो एक पाऊल पुढे येतो आणि वाकून तो गोल बघतो, गोलातला उंचवटा बघतो. ज्यानं वाजलेली पुंगळी हातात घेऊन मातीत पुरली आहे, त्याला ती खूण वाचायला शिकवावी लागत नाही. तो तिथेच खालच्या पायरीवर बसतो आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवतो.

"वयनी," तो म्हणतो, "दादान सांगल्यान तुका?"

तिनं अजून काडतुसाचा शब्दही काढलेला नाही.

तिच्या मनातला आठ महिन्यांचा गाळ एकदम ढवळतो. ज्या माणसाला ती चोर म्हणत आली, ज्याच्या पडवीत ती चोरून शिरली, तो तिच्या पायाशी बसून लहान मुलासारखा ओठ चावतो आहे. तिला स्वतःची लाज वाटते. तो मात्र तिच्याकडे न बघता बोलतच राहतो. दादाचं नाव कागदावर नको. आयुष्यभर नियमानं वागलेला माणूस, त्याच्या नावाला आता कशाला काळं. गाव टपलेलाच आहे.

"माझाच लिही, वयनी. मी एकदा जावन इलंय. माका आतली वाट म्हायत आसा."

"उठा भावजी," ती म्हणते. "नाव कोणाचा लिहूचा ता तुमच्या दादान सांगल्यान. तुमी गाडी चालू करा."

तो उठत नाही. ती खाली उतरते, त्याच्या गुडघ्यावरची टोपी उचलून झटकते आणि त्याच्या हातात देते. मग दाराला कडी घालते, छत्री घ्यायची विसरते आणि अंगणात स्कूटरपाशी जाऊन उभी राहते. शेवटी न्हानू येतो. गाडी दोन किकांत सुरू होते.

वैजयंता मागे एका बाजूला बसते आणि पडू नये म्हणून उजवा हात त्याच्या खांद्यावर ठेवते. उतारावरचा रस्ता खडबडीत आहे. दर खड्ड्याला तळहातावरचा उंचवटा न्हानूच्या सदऱ्यावर दाबला जातो आणि तिला बारीक दुखतं. हात ती काढत नाही. लिहायचंही याच हातानं आहे.